हातातून सोडायची दोरी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

फ्रान्समध्ये, जर्मनीच्या सीमेलगत, आम्ही भाड्याच्या बोटीतून नदीने चाललो होतो. मी, बायको सुमन आणि माझा मित्र श्रीधर. जिथे नदीची पातळी बदलते तिथे बोट दोन दरवाजांमधल्या हौदात थांबवतात आणि पाणी सोडून हळूहळू खाली उतरवतात. तेव्हा काठाची दोरी बांधायची नसते, हातातून सैल सोडत राहायची असते. ते काम माझ्याकडे होतं.

काठावरची माणसं फ्रेंच बोलता बोलता जर्मनवर जात. "आपल्या बेळगावसारखंच की हो हे!" श्रीधर म्हणाला. सुमनही बेळगावची. दोघं कन्नडमध्ये सुरू झाली. घरी मोजकं बोलणारी सुमन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. न कळणाऱ्या भाषेतलं हसणं आपल्यालाच हसल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं संसार करून तिचं हे हसणं मला कधी मिळालं नव्हतं. त्यांच्याकडे बघता बघता मी दोरी गच्च बांधून टाकली.

सुमन चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात पाणी उतरलं आणि बोट एका अंगाला लटकली. श्रीधरने धावत येऊन गाठ सोडवली, त्यात त्याची दोन बोटं चिरडली.

"बांधली कुणी?" बाहेर येत सुमन ओरडली.

"श्रीधरने," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "चुकलंच की माझं, वहिनी."

पुढे त्याच्या शेवटच्या आजारात मी बेळगावला गेलो. 'ती दोरी मी बांधली होती, मला माफ कर,' एवढंच बोलायचं होतं. डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं आणि उठलो.