पुरिंगच्या पेटीतला अंगठा

फिलिपिन्समधल्या एस्तान्सिया गावच्या मासळी-धक्क्यावर मनांग पुरिंगने भरलेली पेटी उघडायची कुणाची छाती नाही. मनांग म्हणजे ताई. सख्खी ती कुणाचीच नाही, पण ओरडायचा हक्क सगळ्यांवर. तेहतीस वर्षं ती बर्फात मासे भरतेय. खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ, आणि झाकण बसलं की विषय संपला. "झाकण उघडलं की माल गेला," हे तिने मला इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या लग्नातही ती हाच आशीर्वाद देईल. दुसरा नियम मिठाचा. जवळच्या मालाला नुसता बर्फ, दूरच्या मालावर जाड्या मिठाच्या दोन मुठी. त्याने गारठा वाढतो. तिचा मासा मनिलाला उतरतो तेव्हा आपण मेलोय हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं.

या पेट्या व्हॅनमधून इलोइलो शहरापर्यंत नेतो तो मी. मला ती 'तोतो' म्हणते, म्हणजे बाळ. मी सत्तावीस वर्षांचा आहे, हे तिला मान्य नाही.

तिचा नवरा मानोंग ताकियो, मानोंग म्हणजे दादा, गळाने टूना धरतो. आठ वाव खोल गेलेली दोरी तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीत धरून बसायचं. मासा नुसता नाक लावून गेला तरी त्याच्या अंगठ्याला कळतं. घर त्या उजव्या अंगठ्यावर चालायचं.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तो वाळूत बसून होडीचा आडवा बांबू तासत होता. तो डावखुरा, जोराचं काम डाव्या हाताने, म्हणून कोयताही डाव्यातच. बांबूची गाठ आली, कोयता सटकला आणि उजवा अंगठा मुळापासून वेगळा होऊन वाळूत पडला. तो ओरडलाही नाही. "पुरिंग," एवढंच म्हणाला, जणू चहा मागत होता.

मी धावलो तोवर कुणीतरी त्याच्या मनगटाला नायलॉनची दोरी आवळली होती. पुरिंगने अंगठा उचलला, समुद्राच्या पाण्यात धुतला आणि लहान पेटीत बर्फात पुरला. थर बरोबर लागले. मी व्हॅन चालू केली आणि माझ्या तोंडून निघालं, "मनांग, इलोइलो तीन तास लांब. दूरचा माल ना?"

ती थबकली. "मीठ आण, तोतो."

मी आणलं. चांगलं ओंजळभर.

वाटेत आरोग्य केंद्रात थांबलो. नर्सने आधी ती दोरी कापली. हाताची उरलेली बोटं जांभळी पडली होती. "काय केलंत हे? अंगठा गेला तर गेला, पंजाही घालवायचा होता? रक्तच पोचू दिलं नाही," ती म्हणाली. जखमेवर जाड पट्टी दाबून बांधली, हात वर धरायला सांगितला. मग म्हणाली, "अंगठा बघू."

पुरिंग पेटीवर बसली होती. "झाकण उघडायचं नाही."

"ताई, मला बघायला हवं कसा ठेवलाय."

"मी ठेवलाय," पुरिंग म्हणाली, आणि वादच संपला. नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी मनांगच्या बाजूने हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडावर चिकटलेलं आहे असं मला कधीकधी वाटतं.

पूर्ण रस्ताभर ती त्याला धीर देत होती. "म्हाताऱ्या, शिवतात हल्ली. माझी पेटी आहे, घाबरू नकोस."

"तुझी पेटी आहे म्हणूनच घाबरत नाही," तो म्हणाला. ओठ पांढरेफटक होते.

दीडला आम्ही शहरातल्या इस्पितळात पोचलो. डॉक्टरीण तरुण होती. शस्त्रक्रियेची तयारी झाली होती, वेळही हातात होता. पुरिंगने स्वतः झाकण काढलं, थोड्या अभिमानानेच. डॉक्टरीणबाईंनी अंगठा चिमट्याने उचलून स्टीलच्या ताटलीत ठेवला.

टक्, असा आवाज आला. दगड ठेवल्यासारखा.

अंगठा पांढरा होता, चुन्याच्या कांडीसारखा. डॉक्टरीणबाईंनी तो बोटाने दाबून पाहिला आणि डोळे मिटले.

"गोठलाय," त्या म्हणाल्या. "मीठ कुणी टाकलं?"

मी खाली वाकून पेटीचं झाकण उचललं.

"मी," पुरिंग म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

डॉक्टरीणबाई खाली बसल्या, तिच्या उंचीला आल्या. "मनांग, रक्त थांबलं की अवयव उपाशी पडतो. थंड ठेवला की त्याची भूक मंदावते, तो तासन्‌तास तग धरतो. पण बर्फ अंगाला लागला, त्यात मीठ, की आतल्या पाण्याच्या सुया होतात आणि मांस आतून फाटतं. मग मी रक्त जोडलं तरी ते जाणार कुठे? स्वच्छ फडकं ओलं करून पिळायचं, त्यात गुंडाळायचा, पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बस. रात्रीपर्यंत थांबला असता."

"माझा मासा तीन दिवस टिकतो," पुरिंग म्हणाली. वाद नव्हता त्यात. तिला खरंच कळत नव्हतं.

"मासा मेलेलाच असतो, मनांग. त्याला नुसतं ताजं दिसायचं असतं. याला जगायचं होतं."

पुरिंग ताटलीकडे पाहत राहिली. अंगठ्यावरचा बर्फ वितळून पाणी सुटू लागलं तेव्हा तिने पदरासारखं गळ्यातलं फडकं काढलं आणि ते टिपून घेतलं.

जखम शिवून ताकियोला बाहेर आणलं तेव्हा त्याने विचारलं, "कसा दिसत होता गं?"

"ताजा," ती म्हणाली.

"असणारच. तुझा माल."

परतीच्या तीन तासांत मी चार वेळा मिठाचं बोलायला तोंड उघडलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "रस्त्याकडे बघ, तोतो."

आता तिच्या बर्फाच्या ढिगाजवळ खिळ्याला एक डबा टांगलाय: धुतलेली फडकी, जाड पिशव्या, रबरं. धक्क्यावर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती बोट समजून माकूलचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा पिशवीत बांधायला लावते आणि चुकला तर त्याच माकूलने मारते. ताकियो दोरी तळहाताला वेढा देऊन धरतो. मासा नाक लावून जातो ते त्याला कळत नाही. पहाटे तो वेढा ती बांधते, सैल, बोटं लाल राहतील इतका, आणि नखं दाबून बघते.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी मिठाचं पोतं घेऊन गेलो होतो. ठेवू की नेऊ कळेना, तसाच उभा राहिलो. तिने मनिलाच्या पेट्यांकडे बोट केलं.

"टाक," ती म्हणाली. "हे मेलेलेच आहेत."