उकळलेली माळ

साठ वर्षं नाताळची बिअर आन्फिननी केली होती. नॉर्वेतल्या व्हॉसच्या उतारावर ते काम घरातल्या कर्त्याचं. यंदा त्यांचे हात थरथरू लागले आणि हंडा मुलीकडे आला. हेर्बोर्ग चोपन्न वर्षांची, शाळेची बस चालवणारी. बर्फावरून चाळीस पोरं सुखरूप नेणाऱ्या बाईला हंड्याची कसली भीती! तरी तिने कागदावर नियम लिहून घेतले होते. पहिला नियम : बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू उकळून घ्यायची.

तिने बादल्या उकळल्या, झारे उकळले, गाळणी उकळली. खुंटीवर लाकडी कड्यांची एक माळ होती, मळकट, पापुद्रे धरलेली. "शी! किती वर्षांत कुणी धुतली नसेल," म्हणत तिने तीही उकळत्या पाण्यात सोडली, ब्रशने खसाखसा घासली.

काठी टेकत आन्फिन आले. हंड्यातला जवाचा गोड काढा धारोष्ण दुधाइतका निवला होता. त्यांनी बोट बुडवून मान डोलावली. "छान. आता माळ आण."

हेर्बोर्गने पांढरीफटक माळ पुढे केली.

म्हाताऱ्याने एकेक कडं चाचपून पाहिलं. मग बाकावर बसला.

"बिअर आंबवायचं विरजण होतं ते. कड्यांवर वाळवलेलं. माझ्या पणजोबांपासूनचं."

चार पिढ्यांनी जिवंत ठेवलेलं तिने एका सकाळी मोरीत सोडलं होतं! आणि विरजणाशिवाय हा हंडाभर काढा उद्यापर्यंत नासणार.

"बाबा, दुकानातून यीस्टचं पाकीट आणू?"

"त्यापेक्षा डुकरांना घाल." ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मोन्सकडे जा."

शेजारच्या मोन्सकडे? ज्याच्या बिअरला बाबा जन्मभर गोठा धुतलेलं पाणी म्हणत आले, त्याच्याकडे?

मोन्सकाकांनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून दचकले. "काय गं, आन्फिन गेला की काय?"

"नाही काका. मी माळ उकळली."

काका चौकट धरून हसत सुटले. "अगं बाई, तूसुद्धा?"

"सुद्धा म्हणजे?"

"तुझ्या आईने लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात नेमकं हेच केलं होतं. आन्फिन मागच्या दाराने आला, रिकामी बरणी घेऊन. तेव्हापासून तुमच्या घरी गोठ्याचंच पाणी चाललंय, पोरी!"

तळघरातून आणलेली विरजणाची बरणी त्यांनी तिच्या हातात दिली. पणजोबांचं विरजण! दर नाताळला पाहुण्यांना तेच ऐकवलं जाई, आणि आई शेजारी बसून मुकाट्याने पेले भरत असे.

ती परतली तेव्हा आन्फिन तिथेच बसलेले होते. "काही बोलला?"

"गोठ्याचं पाणी गोड लागलं का, विचारत होते."

त्यांनी मान खाली घातली. "माझी आई फार खवट होती. नव्या सुनेला जन्मभर ऐकवलं असतं तिने."

आई जाऊन आठ वर्षं झाली होती. हेर्बोर्गने बरणीचं झाकण उघडलं.

"ओत," आन्फिन म्हणाले. "आणि ओरड. विरजण पडताना जितकं जोरात ओरडशील, तितकी कडक होईल."

ती ओरडली. असं ओरडली, की कुत्रं बाकाखाली शिरलं आणि कुंपणापलीकडे मोन्सकाकांचं दार उघडल्याचा आवाज आला.

"ही चढणार," आन्फिन म्हणाले, आणि थरथरत्या हातांनी त्यांनी नवं विरजण धरायला ती लख्ख माळ हंड्यात सोडली.