देवघराच्या उंबऱ्याशी काढलेली चप्पल

मायच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याखाली, जखम झाली तेव्हा तिला पत्ताही नव्हता. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले. फरशीवर उमटलेले लाल ठसे पाहून वहिनी ओरडली, तेव्हा घराला कळलं. माय उलट तिलाच म्हणाली, "ओरडतं काऊन? मले काई दुखून नाई राह्यलं."

माय भाऊ-वहिनीसोबत अल्लीपूरला राहते, मी सिंदी मेघेत. गावात मलम, हळद, पाला सगळं करून झालं. जखम भरेना. मग मी तिला वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं न भरणाऱ्या जखमांचा वेगळाच विभाग आहे. डॉक्टरीणबाईंनी मेलेलं कातडं कापून काढलं, जखमेत स्पंज बसवला, वरून चिकटपट्टी लावली आणि नळीनं एका लहानशा मशीनला जोडलं. ते मशीन आतलं पाणी ओढत गुरगुरत राहायचं. माय त्याला 'मांजर' म्हणायची.

मांजर निघालं आणि डॉक्टरीणबाईंनी एक चप्पल दिली. जाड तळाची, सगळा भार टाचेवर घेणारी, बोटांकडची बाजू अधांतरी. "आजी, आता औषधापेक्षा हिचं काम मोठं. ही घरातही घालायची. न्हाणीत, सैपाकघरात, देवघरातसुद्धा. अनवाणी चाललात तर पाय जाईल."

मायनं मान डोलावली. भाऊही तिथंच उभा होता. त्यानंही डोलावली.

मग माझ्या वाऱ्या सुरू झाल्या. ड्रेसिंगच्या दिवशी अर्धी रजा टाकायची, बसस्टँडवर मायला उतरवून घ्यायचं, ऑटोनं दवाखाना. साहेबाची बोलणी खाल्ली, नवऱ्याचं तोंड पाहिलं. रोज संध्याकाळी फोन करायचे. "चप्पल आहे ना पायात?" भाऊ म्हणे हाव. वहिनी म्हणे हाव. माय तर म्हणे, "तुह्या डोक्याची शपथ, पायातून काढलीच नाई." आणि जखम? जिथल्या तिथं! मी मशीनला शिव्या दिल्या, डॉक्टरीणबाईंच्या हाताला नावं ठेवली. एकदा तर तोंडावरच बोलले, "तुमच्याच्यानं होत नसंल तर तसं सांगा ना!"

डॉक्टरीणबाईंनी वाकून मायच्या पायातली चप्पल काढली आणि माझ्यापुढं धरली. आतली मऊ गादी नवी कोरी होती. टाचेचा ठसासुद्धा उमटला नव्हता.

"आजी, ही फक्त दवाखान्यात येताना घालता ना?"

मायनं माझ्याकडं पाहिलंच नाही. "देवापुढं चप्पल घालून कशी उभी राहू बाप्पा?" ती म्हणाली. "अन् चुलीपाशी? सारा जन्म नाई गेली."

पायाचा एक्स-रे काढला तर हाड सडलेलं निघालं. पुढचा अर्धा पाय काढावा लागेल म्हणाले. त्या दिवशी भाऊ-वहिनीही सोबत आले होते. मी बाहेर येऊन भावाला धरलं. तो म्हणाला, "घरातल्या घरात चार पावलं चालली तर काय होते, असं वाटलं मले." वहिनी पदराशी चाळा करत म्हणाली, "आईच उंबऱ्याशी काढून ठेवत. मी कशाले घाला म्हणू? सैपाकघरात चप्पल कोण येऊ देते?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तिघं मिळून मूग गिळून बसले होते आणि मी येडी रोज फोन करून खोटं ऐकत होते. परक्यानं केसानं गळा कापला तर माणूस निदान शिव्या तरी देतो. इथं मायच होती. तिच्या पायासाठी मी जगाशी भांडले आणि तिनं माझ्याच डोक्याची शपथ घेऊन मला फसवलं. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले, रागानं रडले.

ऑपरेशन झालं. मायला घरी आणलं तेव्हा वहिनी धावत आली. "आई, चप्पल घालूनच या आत. देवघरातही चालते." सहज बोलली. तेवढंच आधी बोलली असती तर!

माय भावाच्या खांद्यावर भार टाकून चप्पल घालूनच देवघरात गेली. देवाला हात जोडले. मग माझा हात धरून म्हणाली, "आता नाई काढत वं. तुह्या डोक्याची शपथ."

मी हात सोडवून घेतला.

"माह्या डोक्याची नको, माय. तो दुसरा पाय राह्यला ना, त्याची घे."