वरचा एक

"दहा नको, अकरा कर. दहाचा आकडा उघडा वाटतो," काका मशीनवरच्या दादांना सांगत होते. मी काचेपलीकडे इनव्हॉइस टाइप करत होते. बोटं थांबली, मग पुन्हा चालू लागली.

आखातातल्या या शहरात, रास अल खोरमधल्या काकांच्या दुकानात शील्ड आणि ट्रॉफ्या बनतात. जून हा आमच्याकडे निरोपाचा महिना. शाळा संपतात, कॉन्ट्रॅक्ट संपतात, आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कोणीतरी पितळी पट्टीची लाकडी फळी ठेवतं. महिनाअखेरीला मला सगळी नावं सारखीच दिसायला लागली होती.

ही फळी एका आयरिश माणसाची होती. तरुणपणी तो आयर्लंडकडून रग्बी खेळला होता आणि नंतर बरीच वर्षं इथल्या एका शाळेत मुलांना शिकवत होता. आता कायमचा घरी चालला होता. शाळेने पाठवलेल्या मजकुरात कौतुक फार होतं, म्हणून दोन दिवसांपूर्वी तो स्वतःच आला होता. नाव, आयर्लंड, दहा कॅप. एवढंच लिहा म्हणाला.

काका तेव्हा फोनवर होते. कॅप म्हणजे काय, हे विचारायला मी लाजले, पण त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. देशाकडून एक सामना खेळलात की एक कॅप, त्याने सांगितलं. खरी टोपी फक्त पहिल्यांदा मिळते. ती आईच्या कपाटात आहे. बाकीच्या नुसत्या मोजायच्या. अकराव्या वेळी तो राखीव खेळाडू होता. आईवडील गाई शेजाऱ्यावर सोपवून सामना बघायला आले होते. तो शेवटपर्यंत तयार बसून राहिला, त्याला उतरवलंच नाही. बसून राहण्याची कॅप मिळत नाही. पुढच्या महिन्यात खांदा गेला आणि परत कोणी बोलावलं नाही. पार्किंग कुठे मिळालं हे सांगावं, तसं त्याने हे सांगितलं.

काकांना कॅप म्हणजे टोप्याच वाटल्या, निरोपाला दिलेल्या. आणि देण्याघेण्यात आपल्याकडे दहा कुठे असतात? अकरा, एकावन्न, एकशे एक. वरचा एक हवाच.

उठून सांगायला चार पावलं पुरली असती. पण काका सकाळपासून दोन गिऱ्हाइकांशी भांडून दमले होते. शिवाय मी तोंड उघडलं की ते म्हणत, "आमच्या मॅडम विचार इंग्लिशमध्ये करतात, तोवर मराठीतलं काम खलास होतं." दादा हसत. त्या दिवशी मला ते हसणंही सोसवलं नसतं. कोण मोजायला बसणार आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मशीन सुरू झालं.

दुपारी तो आला. काकांनी फळीवरचा कागद मोठ्या अभिमानाने काढला. "वन एक्स्ट्रा, हबीबी. फ्रॉम अवर साइड."

तो फळीवर वाकला. मग त्याने अकरातल्या दुसऱ्या एकावर अंगठा ठेवला आणि काढून घेतला. बदलायला वेळ आहे का, असं त्याने मला हळूच विचारलं. निरोपाचा कार्यक्रम पाचला होता. त्याच्या वेळचे दोन खेळाडू येणार होते, आणि त्यांतला एक त्या अकराव्या सामन्यात त्याच्या शेजारच्या खुर्चीवरून मैदानात उतरला होता. ते बघतील, तो म्हणाला. त्यांना वाटेल, मीच लिहून घेतलं.

नवी पट्टी करायला अर्धा तास लागला असता. पण दादांनी तेवढ्यात डबा उघडला होता, आणि काका हसतमुखाने उभे होते. त्याने दोघांकडे पाहिलं. राहू दे, मी काहीतरी विनोद करीन, म्हणाला, आणि फळीच्या पिशवीसाठी हात पुढे केला. त्या हाताचा खांदा वर उचलला जात नव्हता.

त्याचं ते हळू, गिळलेलं इंग्लिश काकांना कळत नसे. "काय म्हणतो गं? खूश आहे ना?" त्यांनी विचारलं.

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी पिशवी मागे घेतली.

"नाही काका. त्या टोप्या नाहीत, त्याने खेळलेले सामने आहेत. दहाच खेळला तो. मला आधीपासून माहीत होतं."