जलसा अमेरिकेत, केस इंझोरीत

अमेरिकेत कुठल्याशा शेतात लाखो पोरंपोरी चिखलात बसून दिवसरात्र गाणी ऐकत होती म्हणे, आणि त्याचा ताप झाला इंझोरीत आमच्या घराला. जगात काहीही होवो, शेवटी येऊन आमच्याच दारात पडायचं!

झालं असं, की अमरावतीला कॉलेजात शिकणारा माझा मोठा भाऊ जयंतीसाठी घरी आला तो खांद्यापर्यंत केस वाढवून. आमच्या वस्तीत जयंती म्हणजे एकच, एप्रिलमधली. कारंज्याच्या एसटीतून बेलबॉटम सावरत तो उतरला तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. एकाने विचारलं, "काहून बे, अमरावतीचे सारे न्हावी मेले का?" मला असा राग आला! भाऊ मात्र हसला. त्याला तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं.

त्याच्याजवळ रद्दीतून घेतलेल्या मासिकातलं एक चित्र होतं, त्या जलशाचं. पावसात भिजलेली, केस मोकळे सोडलेली, एकमेकांना टेकून बसलेली पोरं. "पाह्य," तो मला म्हणाला, "इथं कोनी कोनाले जात इचारून नाही राह्यलं. सारे एकाच चिखलात." त्यांच्या गाण्यांतलं मला काही कळत नव्हतं, पण हे बरोबर कळलं. गावच्या विहिरीवर आम्ही पोरी अजून लांबच उभ्या राहत होतो. ते चित्र मी किती वेळा पाहिलं, काय सांगू!

आमच्या गायन पार्टीत भावासारखा गळा कोणाचाच नव्हता. जयंतीच्या स्टेजवर गायचं, यासाठी तो वर्षभर झुरायचा. पण बाबांनी त्याचे केस पाहिले आणि ते भरल्या ताटावरून उठले.

"हे केस घेऊन स्टेजवर चढायचं नाही. आधी न्हाव्याकडं जाय."

"काहून? केसानं काय होते?"

बाबा शाळेत शिपाई होते, आवाज चढवणारा माणूसच नव्हे. त्या दिवशी मात्र ओरडले. "काय होते? आबाले इचार, काय होते!"

आबा, म्हणजे आमचे आजोबा, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. तोवर आम्हा भावंडांना घरात कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी बाबांच्या तोंडून कळलं, आबा तरुणपणी पोतराज होते. मरीमायच्या नावाने कमरेपर्यंत केस सोडून, घागरा नेसून, स्वतःच्याच अंगावर कोरडे ओढत दारोदार मागायचे. लहानपणी बाबा झोळी घेऊन त्यांच्या मागे फिरले होते. भाऊ जन्मायच्या आधीच आबांनी ते केस कापून टाकले, आणि छप्पन साली दीक्षा घेऊन आम्ही बौद्ध झाल्यावर घरात कोणी त्याचं नावही काढलं नाही. बाबांना हिप्पी-बिप्पी काही ठाऊक नव्हतं. त्यांना दारात पुन्हा पोतराज उभा दिसला होता.

भावाचं हसू पार गेलं. तो उठला. "कारंज्याले जातो," म्हणाला. "कापून येतो." मला रडूच फुटलं. आबांचं ऐकून जीव तुटत होता आणि भावाचे केस जाणार म्हणूनही.

"इकडं ये बे," आबा म्हणाले. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि त्याच्या केसांत बोटं घातली. वरून खाली, सावकाश चाचपत गेले.

"जट नाही," ते म्हणाले.

"रोज धुतो, आबा."

"कोन्या देवीचे होय?"

"कोन्याच नाही. मले आवडले म्हनून वाढवले."

"आवडले म्हनून!" आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. दोन घोट घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "पटकीची साथ आली तवा माह्या मायबापानं मले मरीमायले वाह्यलं. मी भेवानं वाढवले होते, बाबू. तू भेवानं कापू नोको."

बाबांनी ते ऐकलं. चपला घालून बाहेर निघून गेले. जयंतीपर्यंत ते भावाशी बोलले नाहीत आणि घरात आम्ही सगळे दबकूनच वावरलो.

जयंतीला भाऊ तसाच, केसांसकट स्टेजवर चढला. पेटी वाजली, त्याने पहिली तान घेतली, तोच मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, पोतराज आला, पोतराज!" माणसं फिदीफिदी हसली. भाऊ गायचा थांबला.

पुढे बसलेले बाबा उठले आणि मागे वळले.

"हो," ते म्हणाले. "माहा बाप होता पोतराज. अन् हा माहा पोरगा होय. आता गानं आयका."