आधी हे वाचा

ऑफिसात त्याला सगळे टापटीप म्हणत. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर, सगळं मांडून एका फाइलमध्ये बंद करायचा आणि लोकांच्या हाती द्यायचा, हे त्याचं काम. बंद करण्याआधी तो आतला कानाकोपरा झाडून काढी. जुन्या नोंदी, चाचणीचा कचरा, काही ठेवत नसे. रिकामी जागासुद्धा पुसून घेई, म्हणजे फाइल आटोपशीर होते. याच माणसाचा ओला टॉवेल रोज पलंगावर सापडतो, हे ऑफिसला ठाऊक नव्हतं.

या खेपेचं गिऱ्हाईक घरचंच होतं. त्याची मोठी बहीण ग्रंथपाल. पुस्तकांच्या नोंदी वह्यांतून कॉम्प्युटरवर न्यायचा तिचा हट्ट. सोमवारी तिच्या हाताखालच्या बाराजणी आपापल्या शाखेत हे मशीन उघडणार होत्या. "माझा भाऊ करतोय, तुम्ही फक्त उघडायचं," असं ती वरिष्ठांसमोर छातीठोकपणे सांगून बसली होती. नाही उघडलं, तर वह्या परत येणार आणि तिचं हसं होणार.

रविवारी दुपारी त्याने फाइल बांधली, उघडून पाहिली. "झकास!"

"माझ्या लॅपटॉपवर लावून बघा की," बायको मटार सोलता सोलता म्हणाली.

"माझ्याकडे चालतंय ना."

"मग त्या बाराजणींना उद्या इकडेच बोलवा."

शेवटी तिने हात पुसले आणि त्याने लिहिलेला सूचनांचा कागद समोर घेतला. अट एकच, त्याने तोंड उघडायचं नाही. मशीन सुरू झालं आणि पासवर्ड मागू लागलं. तिने कागद मोठ्याने वाचला. "पासवर्ड 'आधी हे वाचा' या फाइलमध्ये आहे. ही फाइल कुठे?"

"मशीनच्या आत."

"आणि आत जायला काय लागतं?"

टापटीपचे कान लाल झाले. त्याच्या लॅपटॉपवर मशीन सोडलं होतं तिथूनच, आत शिरलेल्या अवस्थेत जागं होई. दार त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो, घर लख्ख झाडलंत, किल्ली आत ठेवलीत आणि दार ओढून घेतलंत! सरका, कागद मी लिहिते."

संध्याकाळपर्यंत त्याने मशीन नीट बंद करून पुन्हा बांधलं. तिने त्याच्याकडे न बघता ते उघडलं आणि तीन पुस्तकांची नोंदही करून टाकली.

सोमवारी दुपारपर्यंत फोन नाही. शेवटी न राहवून त्यानेच लावला.

"ताई, उघडलं का गं?"

"कधीच! नोंदीही चालू आहेत. अरे, सगळ्या विचारतायत, इतका सोपा कागद कोणी लिहिला?"

"आमच्याकडेच लिहिला," तो म्हणाला.

"वाटलंच मला. तिला दे फोन."