क्रूसावरचा पदर

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांत मी बोईसरच्या शाळेत मास्तर होतो. स्टेशनबाहेर वसईकडची एक ख्रिस्ती बाई केळ्यांची पाटी घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा क्रूस, आणि तोंड असं की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. बांधकामावरचे मजूर केळी दाबून बघायचे आणि तिचं डोकं फिरायचं. पण शिवी देण्याआधी ती क्रूसावर पदर ओढायची, जणू देवाला ऐकू जाऊ नये. शिवी संपली की पदर पुन्हा बाजूला. मला त्याची भारी गंमत वाटायची.

एका सकाळी एका म्हाताऱ्या मजुराने केळं दाबलं. तिने आईवरून शिवी हासडली. तो मान खाली घालून निघाला. या वेळी पदर मात्र जागचा हलला नव्हता. तिने त्याला हाक मारून परत बोलावलं आणि "बाबा, गलती हो गया," म्हणत त्याच्या हातात दोन केळी ठेवली. मग तिने गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

"मावशी, आज पदर ओढायला विसरलीस?" मी विचारलं.

"विसरले नाय, मास्तर. ही जीब मरेपर्यंत सुधारायची नाय. रोज चुकते, रोज रडते. तरी हा क्रूसावरचा मला टाकीत नाय, ते मला ठावं हाय. माफी याच्याकडंच मागायची, मग यालाच झाकून कसं चालंल?"